लांब पेरांचं झाड

रविवारी खापरीच्या तलावात अप्पा शिरले, तेव्हा त्यांची लेक शिवप्रिया काठावरच्या दगडावर पुस्तक उघडून बसली होती. वाचत मात्र नव्हती. तिचे डोळे अप्पांच्या पाठीवर होते. पांढरा बनियन कमरेपर्यंत भिजला होता आणि त्यावर ओल्या-कोरड्याची एक रेष उमटली होती. ती रेष जरा वर सरकली की तिची बोटं पुस्तकावर आवळायची, आणि खाली आली की सैल पडायची.

"काय लायब्ररीबाई, पुस्तक वाचताय का माझी पाठ?" अप्पांनी मागं न बघताच विचारलं.

"पुस्तक."

"मग पान उलटल्याचा आवाज का येईना?"

ती हसली आणि मुद्दाम आवाज करून एक पान उलटलं.

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. पावसाळ्यातलं गढूळ पाणी निवळलं होतं. अप्पांना हे दिवस आवडायचे, कारण आता तळापर्यंत दिसायचं. सिद्धाराम म्हणजे जळकोटचे घड्याळवाले अप्पा. हमरस्त्यावर त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. मोबाइल आले, लोकांची मनगटं मोकळी झाली आणि दुकानात माशा बसायला लागल्या. वेळ जावा म्हणून अप्पांनी काउंटरवर काचेची टाकी मांडली, चार मासे सोडले आणि माशांना सोबत म्हणून ओढ्यातलं हिरवं काहीतरी उपटून आणून लावलं. मासे महिनाभरात गेले, पण हिरवं फोफावलं. गिऱ्हाईक घड्याळ विसरून तेच बघत उभं राहायला लागलं. आता सोलापूरपर्यंत कितीतरी घरांतल्या टाक्यांमध्ये अप्पांनी रानातून आणलेली झाडं डुलत होती.

शिवप्रिया तुळजापूरच्या कॉलेजात ग्रंथपाल होती. पाणवनस्पती ओळखायचं जाड इंग्रजी पुस्तक तिनंच मागवलं होतं. त्यात दर वेळी एक प्रश्न आणि दोन उत्तरं असायची. जे उत्तर पटेल त्यापुढच्या आकड्यावर जायचं, तिथं पुन्हा प्रश्न. ती मराठीत वाचायची आणि अप्पा घड्याळाचं भिंग डोळ्याला लावून उत्तर द्यायचे.

"पानं जोडीनं आहेत की गोलात?"

"गोलात. पाच-पाच."

"पानाची कड साधी की करवती?"

अप्पा पान ओठावरून ओढायचे. "करवती. टोचतंय."

सुरुवातीच्या दिवसांत घाई करून त्यांनी एकदा एका डॉक्टरांना हायड्रिला नावाची पाणवेल भलत्याच नावानं दिली होती. दोन महिन्यांत तिनं डॉक्टरांची अख्खी टाकी गिळली. तेव्हापासून अप्पांनी नियमच घालून घेतला, फूल दिसल्याशिवाय नाव घ्यायचं न्हाय. नुसता अंदाज असेल तर तोंड बंद ठेवायचं. शिवप्रिया त्या नियमात तयार झाली होती. पुस्तकांत वाढलेल्या तिला तो नियम आवडायचाही.

पाण्यात कुठवर जायचं यासाठी अप्पांकडं काठी नव्हती. ते झाडं बघून चालायचे. म्हणायचे, "जिथं झाड मुळावर उभंय, तिथं माणूसबी उभा राहतो." आजवर ते खोटं ठरलं नव्हतं. पण शिवप्रियाला पोहता येत नव्हतं आणि तिला पाण्याची भीती होती. ती भीती तिनं पस्तीस वर्षांत अप्पांना कधी सांगितली नव्हती. दर रविवारी ती त्यांच्याबरोबर यायची, ते निदान नजरेसमोर असावेत म्हणून.

"हे बघ काय घावलं!" अप्पा हातात एक रोप धरून बाहेर आले. फितीसारखी पानं, टोकाला सुईसारखी निमुळती. "व्हॅलिस्नेरिया न्हाय ही. तिचं टोक बोथट असतं. आन् जमिनीतून पुढं धावणारं मूळबी न्हाय हिला. प्रिया, ही दुसरी कुणीतरी हाय."

त्यांचा चेहरा लहान पोरासारखा झाला होता. आपल्या या कोरड्या मुलखात अशी काही उगवेल यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता.

"आणखी हाय का बघतो," म्हणून ते परत वळले. त्याच वेळी शिवप्रियाच्या चपलेला काहीतरी गार लागलं.

लाटेबरोबर हायड्रिलाचा एक दोर काठाला लागला होता. म्हशीनं नाहीतर कुणाच्या जाळ्यानं मुळासकट उपटलेला असावा. तिनं तो उचलला. तो संपेना. ती उभी राहिली, हात डोक्यावर नेला, तरी खालचं टोक पाण्यातच होतं. शेंड्याकडची पानं दाट होती, नेहमीसारखी. पण खाली खाली पानांची वर्तुळं विरळ होत गेली होती. उसाला ऊन मिळालं नाही की पेरं लांब पडतात, तसं दोन वर्तुळांमधलं अंतर बोटभर झालं होतं. काठाजवळच्या हायड्रिलाची पेरं तिनं कितीदा बघितली होती. ती नखाएवढी असत.

तिनं मान वर केली. तलावाच्या मध्याजवळ, पळसाच्या झाडासमोर, पाण्यावर हिरवा पट्टा पसरला होता. तोही वरून अगदी काठाजवळच्या हायड्रिलासारखाच दिसत होता.

अप्पा तिकडंच बोट दाखवत होते. "मागल्या वर्षी तिथं काय न्हवतं. तळ वर आलाय वाटतं. पुढल्या खेपेला तिकडं बघू."

शिवप्रियाच्या हातातला दोर थंडगार होता. हा दोर तिथला असेल तर तिथं तळ वर आलेला नाही, खाली गेलाय. पण 'असेल तर' एवढंच होतं. पुस्तकात बघावं लागेल. आणि अप्पा काही लगेच जात नव्हते, पुढच्या रविवारी जाणार होते. दोन रविवारांपूर्वी ती "जपून" म्हणाली होती, तेव्हा त्यांनी रिक्षावाल्या गौरीशंकरसमोरच हसून विचारलं होतं, "ही लेक हाय का पहारेकरी?" तिनं दोर पाण्यात सोडून दिला आणि हात ओढणीला पुसले.

संध्याकाळी परसात, तुरटीच्या पाण्यात धुतलेलं रोप पांढऱ्या थाळीत तरंगत होतं आणि दोघं प्रश्नोत्तरं करत होती. सतराव्या प्रश्नाशी गाडी अडली.

"पुढं फुलाचं विचारलंय, अप्पा. फुलाशिवाय पुढं जाता येत नाही."

"मग फूल आणाय पायजे," अप्पा म्हणाले.

अव्वा, म्हणजे शिवप्रियाची आई मल्लम्मा, चुलीजवळून ओरडली, "आदी जेवाय या! ते फूल काय पळून चाललंय व्हय?"

अप्पांनी रोप निळ्या बादलीत ठेवलं आणि बादलीवर खडूनं तारीख लिहिली. नवं झाड एकवीस दिवस वेगळं ठेवायची त्यांची रीत होती, त्याच्याबरोबर गोगलगाई नाहीतर रोग टाकीत जाऊ नये म्हणून.

सोमवारी सकाळी एसटीत बसल्यावर शिवप्रियानं पुस्तक उघडलं. नळदुर्ग यायच्या आत तिला हवी ती ओळ सापडली. खोल पाण्यात ही वनस्पती उजेडाकडं धावते. तिची पेरं ताणली जातात आणि पृष्ठभागाशी आली की ती दाट फांद्या फोडून पसरते. वरून पाहणाऱ्याला खोलीचा अंदाज येत नाही.

तिनं ती ओळ दोनदा वाचली. आता अंदाज उरला नव्हता. पर्समधून फोन काढला, अप्पांचं नाव समोर आणलं. सव्वाआठ वाजले होते. अप्पा दुकान झाडत असतील. गाडीत गलका होता. संध्याकाळी समोर बसवूनच सांगू, पुस्तकातली ओळ दाखवू, म्हणजे हसणार नाहीत. तिनं फोन परत ठेवला.

बारा वाजता फोन वाजला. पलीकडून एक अनोळखी माणूस बोलत होता. तलावाच्या काठी त्याचं शेत होतं. नाव गुंडप्पा.

नळदुर्गच्या दवाखान्यात व्हरांड्यातच स्ट्रेचर होतं. चादर आखूड होती, पाय बाहेर राहिले होते. अव्वा भिंतीला टेकून बसली होती. गुंडप्पा पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "कमरेएवढंच पाणी व्हतं ओ तिथं. म्या सवता उभं ऱ्हाऊन काढलं त्यास्नी. चक्करच आली आसंल."

शिवप्रिया पायांवर चादर ओढायला गेली आणि थांबली. डाव्या घोट्याला हिरवे दोर गुंडाळले होते, तीन-चार वेढे. पानांची वर्तुळं विरळ होती. दोन वर्तुळांत बोटभर अंतर.

म्हणजे अप्पा कमरेएवढ्या पाण्यात पडले नव्हते. ते खोलातून वर आले होते. पायात दोर घेऊन, धडपडत, उथळ पाण्यापर्यंत येऊन पोचले होते आणि तिथं त्यांचा दम संपला होता.

कुणी बघत नव्हतं. तिनं वेढे सोडवले, मुठीत घेतले आणि पर्समधल्या पुस्तकात दाबून टाकले.

लिंगायतांच्या रीतीनं अप्पांना बसवून माती दिली. नंतर माणसं येत राहिली, आणि येणाऱ्या प्रत्येकाला अव्वा तेच सांगत राहिली. "सकाळी न्याहारी न करताच निघाले. म्या म्हनलं, दुकान सोडून कुटं निघालात? तर म्हनले, फूल आनतो. मला आला राग. म्हनलं, जावा, त्या शेवाळातच संसार मांडा." इथं ती पदराचा बोळा तोंडाशी धरायची. "माझी जीभ लागली त्यास्नी. उपाशीपोटी चक्कर आली."

"असं कुठं असतं का, मल्लम्मा," बायका म्हणायच्या.

शिवप्रिया चहाचे कप गोळा करायची. तिला बोलायचं असायचं. तुझ्या जिभेनं काही झालं नाही, एवढं एकच वाक्य. पण त्या वाक्यामागून दुसरं वाक्य येणार आणि त्यानंतर अव्वा विचारणार, मग तू फोन का न्हाय केलास? त्या प्रश्नाच्या धास्तीनं तिला रात्रंदिवस ग्रासलं होतं. अव्वानं नुसतं "प्रिया" म्हणून हाक मारली तरी तिच्या हातातलं भांडं निसटायचं.

दहाव्या दिवशी गुंडप्पा भेटायला आला. बोलता बोलता म्हणाला, "उन्हाळ्यात दोन म्हैने मशीन चालली तलावात. समद्यांनी गाळ नेला शेतात. कुटं किती उकरलं कुणाला म्हाईत." त्याच्या बोलण्यात काही सुचवणं नव्हतं, नुसतं बोलणं होतं. एप्रिलच्या सुरुवातीला अप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. तो अख्खा उन्हाळा त्यांनी सोलापूरला काळा चष्मा लावून काढला होता, तलावाकडं ते फिरकलेच नव्हते. या दोन गोष्टी कुणी जोडून बघितल्या नाहीत. शिवप्रिया मात्र पाणी आणते म्हणून आत गेली आणि माठाला धरून उभी राहिली.

त्याहून वाईट पुस्तकाचं झालं. अव्वानं अप्पांच्या फोटोपुढं त्यांचं भिंग ठेवलं आणि शेजारी ते जाड पुस्तक. "त्यास्नी आवडायचं," म्हणाली. रोज सकाळी ती पुस्तकावर एक फूल ठेवायची. अव्वाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण चित्रं बघायला आवडायची. शिवप्रिया तुळजापूरला असताना अव्वा ते उघडेल. आत ते वाळलेले दोर सापडतील. "हे कुठलं गं?" ती विचारेल. ते काढून टाकायला शिवप्रियाचा हात धजत नव्हता. घरी पोचली की चपला काढायच्या आधी शिवप्रिया पुस्तकाकडं बघायची. पुस्तक जागच्या जागी असायचं, मध्ये किंचित फुगलेलं.

असे तीन आठवडे गेले.

रविवारी सकाळी अव्वानं परसातून हाक मारली. शिवप्रिया धावत गेली. अव्वा निळ्या बादलीपाशी बसली होती. खडूची तारीख पुसट झाली होती.

"आज एकवीस झाले," अव्वा म्हणाली. "रोज पानी बदलत हुते म्या. बघ तरी."

फितीसारख्या पानांमधून एक बारीक नळी वर आली होती आणि पाण्याबाहेर तिला फूल लागलं होतं. तीन पाकळ्या, पांढऱ्या दोऱ्यासारख्या.

"काय गं नाव हिचं? आता फूल आलंय. आता घ्यायचं म्हनायचे ना नाव?"

शिवप्रियाला पुस्तक उघडायची गरज नव्हती. सतराव्या प्रश्नाच्या पुढचं पान तिला पाठ होतं. "ब्लिक्सा," ती म्हणाली.

अव्वानं ते पुटपुटून बघितलं. मग बोटाच्या टोकानं फुलाला हात लावला. "तीन आठवडं दम धरला आसता तर परसातच बघितलं आसतं," ती म्हणाली आणि उठली. "चल. हे झाड जिथलं तिथं सोडून यिऊ. मला न्हाय बघवत. गौरीशंकरला बोलीव."

"मी एकटी जाऊन येते."

"का? म्या काय पांगळी हाय?"

गौरीशंकरनं रिक्षा बांधाखाली लावली. "तुमी सोडून या अव्वा, मी हितंच हाय," म्हणून तो लिंबाखाली जाऊन बसला. दोघी बांध चढून पलीकडं उतरल्या. दुपारचं ऊन होतं. पाण्यावर वारा नव्हता. पळसासमोरचा हिरवा पट्टा आता आणखी पसरला होता, काठाकडं सरकला होता.

शिवप्रियाचे पाय दगडापाशी थांबले. त्या रविवारी ती याच दगडावर बसली होती.

"इथंच सोड, अव्वा. काठाला."

"काठाला? म्हशी तुडवतील." अव्वानं पदर खोचला, साडी गुडघ्यावर घेतली आणि निळी बादली उचलून पाण्यात पाय टाकला. "गार हाय गं," ती म्हणाली, जणू अंगणात पाय धुवायला उतरली होती.

पाणी घोट्याला लागलं, मग पोटऱ्यांना. आत्ता थांबेल, शिवप्रियाला वाटलं. गुडघ्याशी थांबेल. अव्वा थांबली नाही. साडी पाण्यावर फुगली आणि मग भिजून खाली बसली. ओली रेष मांडीवर आली.

"अव्वा, पुरे!"

"आगं, हितं निस्ता चिखल हाय. तिकडं बघ झाडं किती दाट हायत. तिकडं लावते, त्यांच्यातच."

"नको!"

"आता भ्याली का माझी लेक?" अव्वा मागं वळून हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. "तुझं अप्पाच सांगायचे की. जिथं झाड मुळावर उभंय, तिथं माणूसबी उभा ऱ्हातो. आन् मला काय बुडायचं भ्या? गेले तर त्यांच्याकडंच जाईन. माझ्या जिभेचं मला फेडायचं हायच."

ती पुन्हा वळली. हिरवा पट्टा तिच्यापासून पाच-सहा पावलांवर होता. वरून तो गालिच्यासारखा दिसत होता, त्यावर पाय ठेवावा असा. एक टिटवी ओरडत गेली. अव्वानं बादली डाव्या हातात घेतली, उजव्या हातानं तोल सावरला आणि एक पाऊल टाकलं.

शिवप्रिया पाण्यात शिरली. गार पाणी घोट्याला लागताच तिचा घोटा जणू कुणीतरी वेढे देऊन धरला. ती तशीच उभी राहिली, घोटाभर पाण्यात. तिला पुढं जाता येत नव्हतं. अव्वाला धरायला पोचली तरी दोघीही जातील, कारण दोघींना पोहता येत नाही. गौरीशंकर बांधाच्या पलीकडं. तिच्याजवळ द्यायला ना काठी होती ना दोरी. होती ती फक्त दोन वाक्यं: तिथं खोल आहे, आणि त्याच्यामागचं, मला माहीत होतं. पहिलं नुसतं सांगून भागणार नाही, हे तिला कळत होतं. नुसतं "खोल आहे" म्हटलं तर अव्वा हसेल, अप्पांसारखी. तिनं विश्वास ठेवावा असं या जगात एकच कारण होतं, आणि ते सांगितल्यावर अव्वा तिच्याकडं कशी बघेल याची भीती तिला समोरच्या पाण्याहून मोठी वाटत आली होती.

अव्वानं आणखी एक पाऊल टाकलं. पाणी कमरेला लागलं. तिचा पाय किंचित घसरला, बादली डुचमळली, पांढरं फूल एकदा पाण्याखाली जाऊन वर आलं.

"अव्वा!" हा आवाज शिवप्रियाला स्वतःचा वाटला नाही. "थांब. तिथं जमीन नाही!"

अव्वा जागीच थांबली. वळली. "तुला काय म्हाईत?"

शेवटी तो प्रश्न आलाच. शिवप्रियानं दोन्ही मुठी आवळल्या.

"ती झाडं लांब पेरांची आहेत, अव्वा. दोन माणसं बुडतील एवढ्या खोलातून वर आलेली. तिथला गाळ उकरून नेलाय. अप्पांना चक्कर आली नव्हती. त्यांच्या घोट्याला तेच दोर होते. मी सोडवले. पुस्तकात ठेवलेत, फोटोपुढच्या. ते त्या खड्ड्यात गेले होते आणि वर आले होते. तू म्हणालीस त्यानं काही झालं नाही. तुझ्या जिभेनं नाही, अव्वा. मला माहीत होतं. आदल्या दिवशी तसला दोर माझ्या हातात होता, याच दगडापाशी, आणि अप्पा तिकडंच बोट दाखवत होते. मला भीती वाटली होती. मला दर रविवारी भीती वाटायची. सोमवारी एसटीत मी वाचून खात्री केली. सव्वाआठ वाजले होते. त्यांचं नाव समोर होतं, फोन हातात होता. मी केला नाही. मला माहीत होतं आणि मी बोलले नाही."

अव्वा बादली छातीशी धरून, पाय चाचपत, काठाकडं परत येऊ लागली.